सुट्टे

बावीस हजार, मी म्हणाले,
आणि माझाच आवाज मला परक्या दुकानातला वाटला.

होसमनी, बैलहोंगल डेपोचा कंडक्टर,
ड्युटी संपवून तसाच आलेला, खाकीत.
बसा म्हटलं तरी उभाच, पाय जरा फाकवून,
जशी आमची वडगावची खोली
आत्ता कुठल्याही क्षणी वळण घेईल.
पोरगी, दानेश्वरी, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष,
थेट टेबलाखाली शिरली.

मी सांगत सुटले. कॅबिनेट कोल्हापूरचं.
बोर्ड आणि प्रोसेसर बेंगळूरहून,
रात्रीच्या गाडीत मांडीवर धरून आणलेले.
ग्राफिक कार्ड मडगावच्या एका पोराकडनं.
तीन राज्यांचा माल, जोडला मी एकटीनं,
एक स्क्रू उरला, तो अजून डबीत आहे.
सहा वर्षं उद्यमबागच्या फौंड्र्यांची पॅटर्नं
ह्याच्यावरच काढली,
पंपांची पोटं, व्हॉल्व्हच्या माना.
आता कंपनीनं लॅपटॉप दिलाय.

"चौदा."
"चौदाला नुसतं कार्ड येत नाही, मामा."
"कार्डाचं राहू दे की. जुनं हाय नव्हं?"
मग टेबलाखाली वाकून, हळूच,
"हदिनेंट तनका होगोण. मुंद ब्याड."
अठरापर्यंत जाऊ. पुढं नको.

मी खिडकीबाहेर बघत राहिले,
समोरच्या पॉवरलूमची खडखड मोजत,
तोंडावर अठरा उमटू नयेत म्हणून.

बावीसचे वीस झाले, चौदाचे पंधरा.
एकोणीस म्हणताना लाज वाटली थोडी,
दुसऱ्याचं पाकीट फोडून वाचलं,
आणि परत चिकटवून दिलं, तशी.

टेबलाखालनं पोरीनं विचारलं,
"ई फ्यान याक सप्पळ माडतैति?"
माझ्या मशीनचं कुणी काही विचारलं
की मला भान राहत नाही.
"धूळ ऐति. तेगद्र सुम्न आगतैति."
धूळ दोन्ही भाषांत धूळच.

खोली गप्प. फॅन तेवढा बोलत होता.
होसमनीनं माझ्याकडं बघितलं,
तिकीट न काढता पुढच्या सीटवर बसलेल्या
बाईकडं बघावं तसं.

तेवढ्यात आतनं परशराम,
कुकर उतरवता उतरवता,
"अगं, सोळा आले तरी देऊन टाक!
टेबल तरी मोकळं होईल!"

आता हसायची पाळी त्याची.
"पंधरा वर्षं चंदगडची गाडी केलोय, बाई,"
मराठीत, आमच्या गल्लीपेक्षा चांगल्या मराठीत.

तर सगळं उघडं. त्याचे अठरा, माझे सोळा.
मध्ये दोन हजारांची रिकामी जागा,
आणि तिथं आम्ही आणखी अर्धा तास भांडलो.
चहा दोनदा झाला.
त्यानं फॅन काढला, मी बिलं काढली.
मुकाट्यानं मधला आकडा धरणं
दोघांनाही हरल्यासारखं झालं असतं.
शेवटी सतरा. आणि कीबोर्डाचे तीनशे.

नोटा त्यानं बोटांच्या बेचक्यात
लांब घडी घालून धरल्या, सवयीनं,
पाचशेच्या पस्तीस.
दोनशे परत द्यायचे,
आणि माझ्याकडं सुट्टे नाहीत.
परशरामकडं कधीच नसतात.
"असू दे. उतरताना घेतो," तो म्हणाला,
म्हणाला आणि थांबला,
स्वतःच्याच वाक्याकडं
पहिल्यांदा प्रवाशासारखं बघत.

बेंगळूरच्या बिलाच्या पाठीवर मी लिहिलं,
दोनशे देणे, आणि गोल केला.

रिक्षात पोरीनं कॅबिनेट मांडीवर घेतलं,
जुन्या चादरीत गुंडाळलेलं,
मी आणलं होतं तसंच.
रिक्षा येळ्ळूर रोडला लागल्यावर आठवलं,
डबी द्यायची राहिली.

म्हणजे दोनशे रुपये आणि एक स्क्रू.
तो कुठला, मला सहा वर्षं कळलं नाही.
पोरगी आत हात घालणारी आहे,
तिला कळेल.